चूल बंद आहे

रिसोड,
दि. ११ जानेवारी १९७६

ती. ताईस,
दौलतचा सप्रेम जयभीम. वि. वि.

एक पेला गाजराच्या रसाला खरा खर्च किती येतो ते आधी सांगतो, मग बाकीचं. दोन किलो गाजरं, बाजाराच्या दिवशी घासाघीस करून सत्तर पैसे. ती धुवायला दोन बादल्या पाणी, आणि आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड. किसायला पाऊण तास, तेवढ्यात सकाळच्या वाशीम गाडीचं गिऱ्हाईक माझं हाटेल सोडून समोरच्याकडे जातं. उजव्या हाताच्या दोन बोटांची सालं. रस पिळायला लग्नातल्या उपरण्याचा तुकडा. तो आता असा रंगला आहे की भन्तेजींनी चिवराला जोडून घ्यावा. एवढं सगळं झाल्यावर त्या पेल्यातले तीन घोट अंजना घेते. उरलेलं मी पितो. तेव्हा हिशेब करायचाच तर पेल्याचा नाही, घोटाचा कर.

तू विचारशील, हे गाजर घरात शिरलं कुठून. दसऱ्यापासून अंजनाचा घास अडकतो हे तुला ठाऊक आहे. आधी भाकर अडकायची, मग भात, आता वरणाचं पाणीसुद्धा थांबत थांबत उतरतं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून आलो, गोळ्या दिल्या, ते कार्डात लिहिलंच होतं. गोळ्यांनी फरक नाही.

तर गेल्या बाजारी धरमसिंग हाटेलात आला. बैलांचा व्यापारी, गावोगावचे बाजार करतो. गल्ल्यामागच्या बाकावर बसून तो सोबत्याला सांगत होता की त्याच्या साडूचा घसा असाच बंद झाला होता. डॉक्टरांनी हात टेकले. मग कोणी निसर्गोपचारवाला भेटला. त्यानं सांगितलं की विस्तवावरचं काही पोटात जाऊ देऊ नका, सगळं कच्चं द्या, नाही तर कच्च्याचा रस. घरातली चूलच बंद केली म्हणे. आणि पुढचं धरमसिंगाच्या तोंडचं जसंच्या तसं देतो, एक दिवस गडी उठून बसला अन् दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. तेवढ्यात मेहकर गाडीचा भोंगा झाला आणि दोघं पैसे टाकून पळाले. पण मला पाहिजे होतं तेवढं मी ऐकलं होतं.

ताई, मी चौथी नापास. मला शहाणं केलं ते कानांनी. खोटा रुपया मी गल्ल्यात पडल्याच्या आवाजावरून ओळखतो. कढईतलं तेल तापलं की नाही हे पुंजाजी आचारी वाकून पाहतो, मी रस्त्यावरून सांगतो. या कानांनी मला आजवर फसवलं नाही.

अंजना आधी ऐकेना. म्हणे, मी एकटीच बकरीवानी पाला खात बसू का. मी म्हटलं, एकटी काहून, मीही बसतो. आणि नुसतं घरात नाही, हाटेलात चारचौघांसमोर सांगून टाकलं. चौदा एप्रिलपर्यंत दौलतरावच्या घरची चूल बंद. हाटेल चालू, घर बंद. शिजलेला घास मी तोंडात घालणार नाही. जयंतीच्या पंगतीत अंजना बसेल, पहिला घास ती घेईल आणि त्यानंतरच माझा घास. चोवीस वर्षं ती माझ्या मागून जेवली, या वेळी मी तिच्या मागून जेवतो. तू लिहून ठेव. स्टँडसमोर हाटेल टाकलं तेव्हा आपलेच लोक म्हणत होते की आपल्या हातचं कोण खाईल. पहिली दोन वर्षं ज्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं तेवढेच खात होते. मग अंजनाच्या तर्रीचं नाव झालं, आणि लोक माझं नाव विचारायचं विसरले. ते जमलं, हेही जमेल.

माझी तब्येत उत्तम. मुळ्यामुळे पुंजाजी मला गल्ल्यावर बसू देत नाही एवढंच.

गाजर आठ दिवसांत मऊ पडतं, तुझी माया तशी पडू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
दौलत


कारंजा,
दि. १९ जानेवारी १९७६

चि. दौलत व चि. सौ. अंजना यांस,
विमलचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. शाळेत स्नेहसंमेलनाची गडबड आहे, तरी आज बसून लिहिते.

तुझं पत्र वाचून आधी हसले. ज्या पोरानं दाणा कच्चा राहिला म्हणून मायच्या अंगावर खिचडीचं ताट लोटलं होतं, तो आता मुळे खातो. मग हसू गेलं. दौलत, कच्चं खाणं आपल्याला नवं नाही. बाबा बैलगाडीवर होते तेव्हा दुसऱ्याच्या वावरातल्या मुगाच्या शेंगा आपण दोघांनी कच्च्याच खाल्ल्या आहेत, कारण शेंगा घरी नेल्या असत्या तर माय रागावली असती. अंबाडीचा पाला, कच्ची चिंच, भिजवलेली मटकी. तेव्हा त्याला कोणी उपचार म्हणत नव्हतं. तुझ्याकडे दोन पैसे आले आणि तू तेच हौसेनं करतोस.

दुसरं. आपण उपास-तापास, नवस-सायास सोडून वीस वर्षं झाली. वस्तीतल्या लोकांना तू काय सांगणार आहेस? कोणी विचारलं तर नीट उत्तर दे, थट्टा करू नकोस. तुझी थट्टा सगळ्यांना कळत नाही.

तिसरं, आणि हे महत्त्वाचं. गोळ्या कसल्या, ते तू एकदाही लिहिलं नाहीस. दवाखान्याचा कागद मला पाठव, आमच्या इथल्या डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीच्या आहेत. तू पत्रात फार विनोद करून राहिलास. माय गेली त्या आठवड्यातही तू असाच बोलत होतास, मी विसरले नाही. आणि धरमसिंग पुन्हा आला तर त्या साडूचं पुढे काय झालं ते विचार. गोष्ट पुरती ऐकल्याशिवाय धडा संपत नाही, हे मी चौथीच्या पोरींना सांगते.

अंजनाला म्हणावं, अंगावर ऊन घेत जा. लेकीला नांदेडला काही कळवू नका, तिचे दिवस भरत आले आहेत.

दोघांनी माझी आठवण ठेवावी, आणि मला खरं लिहावं. दोन्ही जमत नसेल तर दुसरं करावं.

तुझी,
विमलताई


रिसोड,
दि. ३ फेब्रुवारी १९७६

ती. ताईस,
दौलतचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तू म्हणालीस तसंच झालं. गेल्या रविवारी आपल्या वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष पंजाबराव दोघा जणांना घेऊन घरी आले. चहा घेईनात. खाटेवर न बसता सतरंजीवर बसले, म्हणजे काम गंभीर. बराच वेळ ज्वारीच्या भावाचं बोलले. मग पंजाबरावांनी विचारलं की दौलतराव, हा उपास कोन्या देवाचा हाये. मी सांगितलं, देवाचा नाही, गाजराचा. ते हसले नाहीत. मग मी नीट सांगितलं, अंजनाच्या घशाचं, रसाचं सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाता जाता एवढंच म्हणाले की भाऊ, आजार असेल तर समाज वर्गणी काढते, पाला कायले खाता. त्यांच्या मनातून संशय अजून गेलेला नाही. पुढच्या बैठकीत माझ्यावर चर्चा आहे असं कानावर आलं.

हाटेलाचं दुसरंच. मालक आपल्या हाटेलात खात नाही ही बातमी रिठदपर्यंत गेली. मालकच खात नाही म्हणजे तेलात काही तरी आहे, अशी लोकांची समजूत. परवा एक जण भजे हुंगून पाहत होता. पुंजाजीचा अपमान झाला, त्यानं गिऱ्हाइकासमोर बसून स्वतः ताटभर भजे खाल्ले आणि दोन दिवस पोट धरून घरी होता. लोक म्हणाले, पाहा.

हुरड्याचे दिवस आले. माझा दोस्त मारोतराव मला त्याच्या वावरात घेऊन गेला. सगळे शेकोटीभोवती, आणि मी बाजूला बसून कणसाचे कच्चे दाणे चावतो. मारोतरावाचं म्हणणं की आगटीत नुसतं दाखवलेलं कणीस कच्चंच धरावं. त्यावर तासभर वाद झाला. मी दाखवलेलंही घेतलं नाही. एवढं लिहितो कारण बाकी कोणासमोर मला फुशारकी मारता येत नाही.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. आपल्याकडे चूल कधी बंद राहते हे मी विसरलो होतो. मौत झालेल्या घरी. समोरच्या चंदाबाईला नणंदेच्या बाळंतपणाला जाऊन महिना झाला होता, तिला आमच्या कच्च्याची काही खबर नव्हती. सोमवारी रातच्या गाडीनं ती आली. सकाळी पाहते तर आमच्या घरातून धूर नाही. मी हाटेलात, दार लोटलेलं. अंजना आजारी हे तिला ठाऊक होतं. तिनं जे करायचं असतं तेच केलं. चार भाकरी, पिठलं, वर फडकं झाकून, डोळ्याला पदर लावून आमच्या दारात उभी. दार अंजनानं उघडलं.

चंदाबाईच्या हातून ताट पडलं नाही एवढंच. अंजना हसली म्हणे. चंदाबाई सांगते की इतकी हसली, इतकी हसली की तिला धरून बसवावं लागलं. मी दुपारी घरी आलो तर दोघी थंड चुलीजवळ बसल्या होत्या, ताट मध्ये झाकलेलं. माझ्याकडे पाहून अंजना एवढंच म्हणाली, "मी जिती आहो तोवर तरी चूल पेटती ठेवा."

मी पेटवली नाही. म्हटलं, चौदा एप्रिलला आपण पेटवूच. ताई, मला पेटवता येईना. चूल पेटवली म्हणजे मी काही तरी मान्य केलं असं होतं.

तू कागद मागितलास. कागद पाठवत नाही. कागदावर इंग्रजी आहे, ते मला वाचता आलं नाही. पण डॉक्टरांनी व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितलं ते मराठीत होतं आणि माझे कान तुला ठाऊक आहेत. गाठ आहे. कापण्याच्या पलीकडे गेली आहे. विजेचा शेक द्यायलाही उशीर झाला. घरी न्या आणि त्यांना आवडेल ते खाऊ घाला, असं म्हणाले. गोळ्या दुखण्याच्या आहेत. अंजनाला यातलं काही ठाऊक नाही. तिला मी सांगितलं की घसा सुजला आहे.

आता तू म्हणशील, आवडेल ते खाऊ घाला म्हटलं आणि हा गाजर किसतो. पण धरमसिंगाच्या साडूलाही डॉक्टरांनी हेच सांगितलं असेल.

रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस, आमच्याकडे चूल बंद आहे तेवढी पुरे.

तुझा,
दौलत


रिसोड,
१२ फेब्रुवारी १९७६

ती. विमलबाईस,
अंजनाचा जयभीम.

बाई, तुमीच मले पाटीवर हात धरून शिकवलं, म्हणून हे लिहून राह्यली. अक्षर वाकडं हाये. हे हाटेलात गेले तवा लिहाले बसली. चंदाबाई टपालाच्या डब्यात टाकून देणार हाये.

तुमी ह्याईले काही बोलू नका, पन तुमाले सांगल्याबिगर माह्या जीवाले चैन नाई. ह्याईचे गाल पार आत गेले. सदरा खुंटीवर टांगल्यावानी दिसते. पहाटी उठून गाजर किसतेत, बोटं फुटली. मले पेला देतेत अन् माह्या गळ्याकडे पाह्यत नाई, भिंतीकडे पाह्यतेत अन् कान देऊन आयकतेत. म्हणून मी घोट घेतल्यावानी करतो. तीन घोट तरी. आधी उरलं ते हेच पेत होते, आता मी मंग घेतो असं म्हणून ठेवून घेतो अन् हे बाहेर गेले का लिंबाच्या आळ्यात टाकून देतो. बाई, आता पानीबी लय मुश्किलीनं जाते. गाजर गोड असन, पन मले लोखंडावानी लागते.

मले काही ठाऊक नाई असं हे समजतेत. नागपुरात डाक्टरसंग बाहेर बोलून आले अन् मंग दवाखान्याच्या फाटकापाशी संत्री घेतली. टोपलीच घेतली. भाव केला नाई. चोवीस वर्सांत ह्याईनं मीठबी भाव केल्याबिगर घेतलं नाई. अख्ख्या वार्डात संत्री वाटली. तवाच मले समजलं. मी काई बोलली नाई, कारन ह्याईले बोलनं सांभाळाले लय कष्ट पडून राह्यले होते.

मले मरनाचं तेवढं भेव नाई. पन चुलीजवळ बसाले पाह्यजे वाटते. ज्वारी भाजल्याचा वास पाह्यजे वाटते. हाटेलातला वास वाऱ्यानं येते तर मी त्या अंगानं तोंड करून पडतो. ह्याईले सांगाव तर ह्याईचा धीर जाईल. गाजरावरच उभे हायेत ते. म्हणून मी पाला खातो म्हनलं, नाई तर मले कायची हौस.

पोरीचं बाळंतपन झालं का मले कळवजा. अन् जमलं तर येऊन जाजा. आल्यावर भाकर तुमीच थापा, माह्याच्यानं आता व्हत नाई.

तुमची माया मले पुरली, आता ह्याईले पुरवजा.

तुमची,
अंजना


रिसोड,
दि. ४ मार्च १९७६

ती. ताईस,
दौलतचा सप्रेम जयभीम. वि. वि.

काल बाजार होता. धरमसिंग आला.

दोन महिने मी त्याची वाट पाहत होतो. आला तसा त्याला आतल्या बाकावर बसवला, चहा दिला, गरम भजे दिले. तुझ्या चौथीच्या पोरींसारखं नीट विचारलं, बा धरमसिंग, तुझा साडू कसा आहे. त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "कोन साडू, मालक? तो तं गेला. पुरणपोळी खाल्ली त्याच हप्त्यात."

मग त्यानं सगळं सांगितलं. महिनाभर घरच्यांनी चूल बंद ठेवली, रस पाजला. साडू वाळत गेला. शेवटी त्यानं हात जोडून सांगितलं की मले एकडाव पुरणपोळी द्या अन् सुखानं जाऊ द्या. घरच्यांनी रडत रडत चूल पेटवली. तो उठून बसला. दोन पोळ्या चावल्या, बहुतेक बाहेर आलं, पण तोंड गोड झालं म्हणून खूश होता. धरमसिंग म्हणाला, आमाले एकच गोष्ट लागून राह्यली, तो महिना चूल काहून बंद ठेवली. एवढं तो त्या दिवशीही आपल्या सोबत्याला सांगत होता. मधोमध मेहकर गाडीचा भोंगा झाला, उरलेला अर्धा भाग तो गाडीत बसून बोलला.

मी त्याच्याकडून भज्यांचे पैसे घेतले नाहीत. तो म्हणाला, काहून. मी म्हटलं, उरलेल्या गोष्टीचे झाले.

घरी आलो. किसणी कोनाड्यात होती, गाजरं होती, आणि माझे हात किसायला लागले. दुसरं काय करावं ते हातांना ठाऊक नाही. अंजनाला पेला दिला. ती घोट घेते तेव्हा मी आता भिंतीकडे पाहतो. पूर्वी घोट गळ्यातून उतरल्याचा आवाज यायचा. हल्ली ओठांचा येतो, गळ्याचा येत नाही. लिंबाच्या आळ्यात मुंग्यांची रांग लागली आहे आणि तिथली माती जराशी लाल दिसते. मला दिसत नाही असं ती धरून चालते, आणि मीही तसंच धरून चालतो.

तेव्हा आता मी काय करू, ते तू सांग. गाजर बंद केलं तर तिला कळेल की आशा गेली. चालू ठेवलं तर मी तिला वास सुद्धा घेऊ देत नाही. या हाटेलातून रोज पाचशे माणसं जेवून जातात आणि माझ्या घरात एक माणूस आहे.

पंजाबरावांच्या बैठकीत माझं प्रकरण निघालंच नाही. चंदाबाईच्या नवऱ्यानं तिथं सांगितलं म्हणे की उपास नाही, बायकोचं दुखणं आहे, गप्प बसा.

उत्तर लवकर दे, या वेळी उशीर परवडणार नाही.

तुझा,
दौलत


कारंजा,
दि. ९ मार्च १९७६

चि. दौलतास,
विमलचा आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शाळेत मिळालं. तास सोडून बाहेर येऊन वाचलं.

मी तुला रागावणार होते. आता रागावत नाही. एक गोष्ट सांगते, ती मला कोणी सांगितली ते विचारू नकोस, तुला कळेलच. अंजनाला नागपूरपासून ठाऊक आहे. तू फाटकापाशी संत्री भाव न करता घेतलीस, तेव्हाच. तुझे कान तीक्ष्ण आहेत म्हणतोस, पण तुझ्या घरातलं माणूस तुझा हात पाहत होतं.

ती तुझ्यासाठी पाला खात होती, तू तिच्यासाठी. दोघांनी मिळून ती चूल बंद ठेवली. आता एकानं तरी पेटवावी. अंजना पेटवणार नाही, तिला तुझा धीर जायची भीती आहे. तेव्हा तूच कर. काही बोलू नकोस, समजावू नकोस, चौदा एप्रिलचं नाव काढू नकोस. पराटी आण आणि चूल पेटव. बाकी ती करील.

परीक्षा संपताच मी येते. तोवर किती वेळ आहे हे मी विचारत नाही. नांदेडहून कळलं, नात झाली. बाळबाळंतीण खुशाल आहेत. हे तिला चुलीजवळ बसवून सांग.

माझी माया आहे तशीच आहे. ती आता तुझ्याइतकीच अंजनाचीही आहे.

तुझी,
विमलताई


रिसोड,
दि. १६ मार्च १९७६

ती. ताईस,
दौलतचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी आलं. हाटेल पुंजाजीवर सोडून घरी आलो. परसात पराटी पडलीच होती. एक मोळी आत आणली, चुलीतली जुनी राख काढली. तीत मुंगळ्यांनी घर केलं होतं. फुंकणी कुठं ठेवली ते मला ठाऊक नव्हतं, तेव्हा कागद पेटवून तोंडानंच फुंकलं. धूर डोळ्यांत गेला ते बरं झालं.

अंजना खाटेवरून म्हणाली, कोन पाव्हणा आला. मी म्हटलं, कोणी नाही. तिनं मान वर करून चुलीकडे पाहिलं. मग म्हणाली, पराटी लय आत कोंबली, बाहेर काढा. एवढं बोलून ती उठली. भिंत धरत धरत आली आणि चुलीसमोर पाटावर बसली. मी धरायला गेलो तर हात झटकला. म्हणाली, पीठ आणा.

मी म्हटलं, पुंजाजीला बोलावतो. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी गुपचूप डबा काढला. नवी ज्वारी परवाच दळून आणली होती, हाटेलासाठी. तिनं कोमट पाणी घेतलं, पीठ मळलं. हाताला पूर्वीची रग नाही. भाकर थापताना कडा फाटत होत्या, आणि ती फाटलेल्या कडा बोटानं परत परत मिटवत होती. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, मग निखाऱ्यावर उभी केली. एक भाकर फुगली. फुगताना जो आवाज होतो तो मी ऐकला. चोवीस वर्षं रोज होत होता, कधी ऐकला नव्हता.

धूर पाहून चंदाबाई धावत आली, दारातून डोकावली आणि मागं फिरली. थोड्या वेळानं मिरच्यांचा ठेचा वाटीत आणून उंबऱ्यावर ठेवून गेली.

नातीचं सांगितलं. अंजना म्हणाली, कोनावर गेली. मी म्हटलं, माहीत नाही, अजून पाहिली नाही. ती म्हणाली, तुमच्यावर नको, कान मोठे होतीन. आम्ही दोघंही हसलो. मग मला राहवेना. मी म्हटलं, नागपूरच्या संत्र्यांचं तुला कळलं होतं. तिनं निखारा चिमट्यानं सरकवला आणि म्हणाली, "भाव तरी करायचा होता. आंबट निघाली ती."

मग तिनं जयंतीचं सांगितलं. पंगतीच्या तर्रीला खोबरं किती, शेंगदाण्याचा कूट किती, तिखट कधी सोडायचं ते तिनं चंदाबाईला शिकवून ठेवलं आहे. म्हणाली, तुमी चव पाहजा, कमी वाटली तर तिले सांगजा, पन लोकाईसमोर नका सांगू. मी हो म्हटलं.

ताट वाढलं. मी हात धुतले आणि बसून राहिलो. ती म्हणाली, जेवा. मी म्हटलं, आधी तू. तेवढं तरी. तिनं भाकरीचा पापुद्रा तोडला, ठेच्याला लावला, तोंडात घातला. डोळे मिटून बराच वेळ चावत होती. मी चुलीकडे पाहत ऐकत बसलो. गळ्याचा आवाज आला नाही. शेवटी तिनं पदर तोंडाला लावला आणि पदर मुठीत धरून ठेवला. म्हणाली, तिखट बरं झालं हाये.

डॉक्टरांना काल घरी आणलं होतं. त्यांनी नाडी पाहिली, बाहेर येऊन मला म्हणाले की तुमच्या ताईंना यायचं तर परीक्षेची वाट पाहू नये. तेव्हा निघ. पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळची गाडी धर. आता चूल रोज पेटते. ती थापत नाही, पाटावर बसते आणि पराटी आत-बाहेर सरकवते. थापायला चंदाबाई येते. किसणी मी हाटेलात नेली, पुंजाजी तिच्यावर खोबरं किसतो.

येताना काही आणू नकोस, तू आलीस की पुरे.

तुझा धाकटा,
दौलत

ता. क. त्या दिवशी भाकरी दोन केल्या होत्या, एक तिची, एक माझी. दोन्ही मीच खाल्ल्या.